पावसातलं एडिनबरा: बोळाबोळातून गेडेस यांच्या मागावर

स्कॉटलंडच्या राजधानीत, एडिनबरात वर्षभरात पडणारा पाऊस जवळपास पुण्याइतकाच, ७०० मिलिमीटरच्या आसपास. पुण्यात तो चार महिन्यांत उरकतो, इथं तो बारा महिने पुरवून पुरवून पडतो. शिवाय समुद्रावरून येणारा वारा असतोच. आम्ही गेलो त्या दिवशी थेंब वरून कमी आणि समोरून जास्त येत होते. माझा मामेभाऊ तिथं शिकतो. वेव्हर्ली स्टेशनावर भेटल्या भेटल्या म्हणाला, "ताई, छत्री बॅगेत टाक आणि जॅकेटची टोपी घट्ट बांध." स्टेशनाबाहेरच्या कचरापेटीत काड्या मोडलेल्या छत्र्या खोचलेल्या दिसल्या आणि मी निमूटपणे ऐकलं.

किल्ल्याच्या तिकिटाला लांबलचक रांग होती, तो सोडून दिला. मला पाहायचं होतं किल्ल्याखालचं जुनं गाव. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकलेल्या माणसासाठी या गावात एक नाव आहे, नगररचनाकार पॅट्रिक गेडेस. आमच्या विभागाची सुरुवात १९१९ साली झाली ती त्यांच्यापासून. मालवणच्या गो. स. घुर्ये यांना विलायतेला शिकायला पाठवावं ही शिफारस गेडेस यांचीच, आणि १९२४ मध्ये विभागाची सूत्रं घुर्यांकडे आली. पण मुंबईला यायच्या कितीतरी आधी या माणसानं आपलं खरं काम केलं ते इथं, रॉयल माइलच्या बोळांत.

रॉयल माइल म्हणजे किल्ल्यापासून होलिरूड राजवाड्यापर्यंत उतरत जाणारा रस्ता. त्याच्या दोन्ही अंगांना अरुंद बोळ फुटतात. त्यांना 'क्लोज' म्हणतात. तोंडाशी कमान, आत शिरलं की दगडी पायऱ्या आणि दोन्हीकडे पाच-सहा मजली काळवंडलेल्या भिंती. पावसात हे बोळ फार कामाचे. कमानीखाली उभं राहून वाऱ्याचा जोर ओसरेपर्यंत थांबता येतं. फरशा मात्र निसरड्या, त्यामुळे भिंतीला हात लावून चालावं लागतं. अ‍ॅडव्होकेट्स क्लोजमधून खाली पाहिलं तर दोन भिंतींच्या फटीत कादंबरीकार वॉल्टर स्कॉटचं ६१ मीटर उंच स्मारक बरोबर मावतं. त्या दिवशी त्याचं टोक ढगात गेलं होतं.

लॉनमार्केट भागातल्या जेम्स कोर्टात आम्ही बराच वेळ थांबलो. अठराव्या शतकात इथं तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम राहत होता. पुढं धनिकांनी दरी ओलांडून नव्या, आखीव न्यू टाउनमध्ये घरं केली आणि या इमारतींत एकेका खोलीत एकेक कुटुंब कोंबलं गेलं. पाणी खालून वर न्यायचं, घाण वरून खाली. गिरणगावातल्या चाळींची आठवण यावी अशी अवस्था. १८८६ मध्ये गेडेस नुकतंच लग्न करून पत्नी अ‍ॅनासह इथं राहायला आले. आजूबाजूच्यांना जमवून त्यांनी चौक झाडले, भिंती रंगवल्या, खिडक्यांत फुलझाडं लावली. वनस्पतिशास्त्राचा हा माणूस. सगळी वस्ती पाडून रुंद रस्ता काढण्यापेक्षा अगदी मोडकळीला आलेली इमारत तेवढी काढावी, त्या जागी उजेड-वारा खेळेल असा चौक करावा आणि बाकीची घरं दुरुस्त करून माणसं जागच्या जागी राहू द्यावीत, असा त्यांचा आग्रह. पुण्यातले वाडे एकामागून एक पडताना पाहिलेल्या मला हे त्या ओल्या चौकात उभं राहून फार लागलं.

समोरच्या बाजूचं रिडल्स कोर्ट १५९० च्या दशकातलं, जॉन मॅकमॉरन या धनाढ्य व्यापाऱ्याचं घर. त्याचा शेवट विचित्र झाला: १५९५ मध्ये सुट्टी नाकारली म्हणून शाळेच्या मुलांनी शाळा अडवून धरली, तो समजूत काढायला गेला आणि एका विद्यार्थ्याच्या गोळीनं मेला. गेडेस यांनी हे घर दुरुस्त करून विद्यार्थ्यांचं वसतिगृह केलं. आतल्या कमानीवर त्यांचं लॅटिन ब्रीदवाक्य आहे, जगता जगता आपण शिकतो अशा अर्थाचं. आज इथं त्यांच्या नावाचं केंद्र आहे.

मग कॅमेरा ऑब्स्क्युरा. गेडेस यांनी १८९२ मध्ये हा मनोरा घेतला आणि त्याला 'आउटलुक टॉवर' नाव दिलं. सगळ्यात वर शहर डोळ्यांनी बघायचं, मग एकेक मजला उतरत एडिनबरा, स्कॉटलंड, युरोप आणि तळाशी जग, असं त्यांनी प्रदर्शन मांडलं होतं. आता मधल्या मजल्यांवर आरशांचे आणि दृष्टिभ्रमाचे खेळ आहेत, मुलं खूश असतात. मी ते भराभर ओलांडले. वरची खोली मात्र तशीच. दार लावलं की मिट्ट काळोख, मधोमध किंचित खोलगट पांढरं गोल टेबल. छपरावरच्या आरशातून आणि भिंगांतून बाहेरचं शहर त्या टेबलावर उतरतं. मार्गदर्शक बाईंनी दांडा फिरवला तशी छपरं, धुराडी, सेंट जाइल्स चर्चचा मुकुटासारखा कळस सरकत आले. ढगाळ उजेडात चित्र फिकं होतं, पण हलत होतं, जिवंत होतं. पिवळा रेनकोट घातलेला एक माणूस रस्ता ओलांडत होता. बाईंनी कागदाचा तुकडा त्याच्या पायाखाली धरून हळूच वर उचलला आणि तो माणूस कागदावर चढून चालत राहिला. पलीकडे उभ्या आजोबांना त्याचा इतका आनंद झाला की त्यांनीही एका बसला उचलून पाहिलं.

जेवायला बसलो आणि एक वाजता किल्ल्यावरची तोफ झाली. १८६१ पासून रविवार सोडून बहुतेक रोज होते. बंदरातल्या जहाजांना घड्याळं लावता यावीत म्हणून सुरू केलेली. भिजून आल्यावर कलन स्किंक मागवावं: धुरावलेला हॅडॉक मासा, बटाटा, कांदा आणि दूध यांचं दाट सूप. मासे खाणाऱ्या घरातल्या कुणालाही रुचेल.

सूप पिता पिता भावाला इंदूरची हकिगत सांगितली. १९१४ मध्ये गेडेस हिंदुस्थानात निघाले तेव्हा त्यांचं नगररचनेचं प्रदर्शन घेऊन येणारं जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेनं बुडवलं. त्यांनी नव्यानं साहित्य जमवलं आणि पुढल्याच वर्षी मद्रासला प्रदर्शन भरवलं. पुढं होळकरांच्या इंदुरात प्लेग असताना त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढवली, आणि ती जाणार त्या रस्त्यांनी, जिथल्या लोकांनी घरं-अंगणं सर्वांत स्वच्छ केली असतील. गल्ल्या आपोआप झाडल्या गेल्या. जेम्स कोर्टातलीच युक्ती ती, मोठ्या प्रमाणावर.

दुपारी ग्लॅडस्टोन्स लँडमध्ये गेलो. १९३४ मध्ये पाडापाडीतून वाचलेली ही सहा मजली इमारत. आत १६२० मध्ये रंगवलेलं लाकडी छत आहे, फळं-फुलांच्या नक्षीचं. मान दुखेपर्यंत बघत बसले.

तुम्हाला असाच पाऊस लागला तर उतारानं चाला, म्हणजे वारा बहुतेक पाठीशी राहतो. ज्या कमानीचं फाटक उघडं असेल तिच्यात शिरा. रॉयल माइलच्या खालच्या भागात, कॅननगेटला डनबार्स क्लोजमध्ये सतराव्या शतकाच्या धर्तीवर केलेली छोटी बाग आहे, रस्त्यावरून अजिबात दिसत नाही. आणि अगदीच झोडपून काढलं तर चेंबर्स स्ट्रीटवरचं राष्ट्रीय संग्रहालय फुकट आहे. क्लोन करून जन्मलेली प्रसिद्ध डॉली मेंढी तिथंच काचेत उभी आहे. आम्ही पोचलो तेव्हा दारं बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता, म्हणून तिला तेवढी भेटून आलो.