पायऱ्या मोजत दिल्ली

दिल्लीला निघण्याआधी मी वहीत पाच दिवसांचा तक्ता आखला होता. रोज चार ठिकाणं, प्रत्येकापुढे वेळ आणि जवळचं मेट्रो स्टेशन. डिसेंबरअखेरच्या पहिल्याच सकाळी आम्ही दोघं, सासूबाई, दहा वर्षांची थोरली आणि सहा वर्षांचा धाकटा असे पाचजण स्वेटर-मफलरात गुंडाळून लाल किल्ल्यासमोर उभे राहिलो. आणि तिथे कळलं की आज सोमवार, किल्ला बंद. तक्त्यात नेमकं एवढंच लिहायचं राहिलं होतं. नवरा काही बोलला नाही, पण ज्या शांतपणे त्याने चष्मा पुसला त्यावरून मी काय ते समजले.

समोर धुक्यात जामा मशिदीचे घुमट दिसत होते, म्हणून तिकडे वळलो. या एका चुकीमुळे आमच्या सहलीला वळण लागलं, कारण धाकट्याने तिथे पायऱ्या मोजायला सुरुवात केली. दक्षिणेच्या दारापाशी ३३. आत मोठं अंगण, कबुतरं, थंडगार फरशीवर मोज्यांतून पाय आखडलेले. बाहेर पडलो उत्तरेच्या दाराने, तिथे ३९. त्याला हा हिशेब पटेना. "आई, एकाच मशिदीला पायऱ्या वेगवेगळ्या कशा?" मग शाहजहानने ही मशीद एका टेकाडावर बांधली, टेकाडाचा उतार सगळीकडे सारखा नसतो, वगैरे सांगितलं. पूर्वेच्या दाराला ३५ आहेत हे कळल्यावर तोही मोजून यायचा हट्ट झाला. पाऊण तास गेला. तक्त्यातलं पुढचं ठिकाण तिथेच बुडालं आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

चांदनी चौकात दिवसा मोटारी नाहीत, त्यामुळे मुलांना हात सोडून चालता आलं (सायकलरिक्षांपासून मात्र जपावं लागतं). तिथे वेताच्या उंच तिवईवर परात ठेवून 'दौलत की चाट' विकणारे बसतात. नावात चाट असली तरी तिखट-आंबट काही नाही. रात्रभर थंडीत ठेवलेल्या दुधाचा घुसळून काढलेला फेस, वरून केशराची पिवळी झाक, खवा आणि भुरभुरवलेली साखर. फक्त थंडीतच मिळते, कारण उन्हाळ्यात तो फेस टिकतच नाही. थोरलीने चमचा तोंडात घातला, जरा वेळ विचार केला आणि म्हणाली, "हे खाल्लं की नाही तेच कळत नाही." सासूबाईंनी मात्र दुसरा द्रोण मागवला.

मंगळवारी लाल किल्ला. थोरलीने नुकताच चौथीचा इतिहास संपवलेला, त्यामुळे दिवाण-ए-आमसमोर तिचा पहिला प्रश्न, "महाराज इथूनच पेटाऱ्यातून निसटले ना?" ते आग्रा, असं म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. दिल्लीचं निम्मं महत्त्व तिच्यापुरतं तिथेच संपलं. मग दिवाण-ए-खासपाशी मी तिला दुसरी गोष्ट सांगितली. या दालनाला एकेकाळी चांदीचं छत होतं. १७३९ मध्ये नादिरशहाने मयूरासन नेलं, आणि १७६० मध्ये पानिपतच्या मोहिमेवर निघालेल्या सदाशिवरावभाऊंनी फौजेचा खर्च भागवायला ते छत काढून वितळवलं. सासूबाई ऐकत होत्या. "म्हणजे आपल्याच माणसांनी?" असं म्हणून त्यांनी वर पाहिलं, जणू काही उरलंसुरलं दिसेल. पुढे १८०३ मध्ये इंग्रजांनी दिल्ली घेतली तेव्हा ती शिंद्यांच्या फौजेकडून घेतली, हेही सांगितलं, पण तोवर थोरली तराजू बघायला गेली होती. खास महालात संगमरवरी जाळीवर न्यायाचा तराजू कोरलेला आहे. जाळी इतकी पातळ कोरलीय की मागचा उजेड तिच्यातून झिरपतो. थोरली बराच वेळ बाहेरूनच मान वाकडी करून बघत होती. धाकट्याचा शेरा वेगळा होता: "या किल्ल्यात पायऱ्याच नाहीत." चढायला म्हणजे खरंच फारशा नाहीत. सिंहगडावर लहानाचं मोठं होणाऱ्या मुलाला सपाट किल्ला म्हणजे काय, हे समजावणं अवघड आहे.

एव्हाना मला एक उमगलं होतं. तक्ता आखताना मी माझ्या आवडीची दिल्ली आखली होती. मग रात्री वही उघडून ठिकाणं निम्मी केली आणि उरलेली धाकट्याच्या हिशेबाने लावली, म्हणजे पायऱ्यांच्या. त्या वहीची सुटलेली पानं पुढे शेंगांची टरफलं ठेवायला कामी आली.

जंतरमंतरला गेलो तेव्हा धुकं एवढं की सूर्य कुठे आहे तेच कळेना. सूर्यघड्याळ बघायला आलो आणि सूर्यच नाही! सवाई जयसिंगांनी १७२४ च्या सुमारास बांधलेली ही वेधशाळा. मधलं सम्राट यंत्र म्हणजे जवळजवळ ७० फूट उंच, तिरकस चढत गेलेली भिंत, आणि तिच्या पाठीवरून पायऱ्या थेट आकाशात गेलेल्या. धाकट्याचे डोळे चमकले, पण वर जायला परवानगी नाही. तिरकस बाजू ध्रुवाकडे रोखलेली असते, म्हणून दिल्लीच्या अक्षांशाइतकाच तिचा कोन, साधारण साडेअठ्ठावीस अंश. हे मी थोरलीला सांगत असतानाच अकराच्या सुमारास धुक्यातून एक फिकट ऊन आलं आणि जमिनीवर भिंतीची सावली उमटली, पुसट, पेन्सिलने काढून खोडल्यासारखी.

मुलांच्या बाबांनी धाकट्याला एक शेंग दिली आणि सांगितलं, सावलीच्या काठाच्या आत ठेव. तो उकिडवा बसला. पाच मिनिटं आमचा मुलगा हलला नाही, हे मला इथे मुद्दाम नोंदवायचंय. सावली हळूहळू भिंतीकडे आत सरकली आणि शेंग उन्हात उघडी पडली. "सावली पळाली!" तो ओरडला. दुसरी शेंग, तिसरी शेंग. मग थोरलीने मोबाइलच्या घड्याळावर वेळ लावून अंतर पावलांनी मोजायला घेतलं. पृथ्वी फिरते हे वाक्य तिने शाळेत किती वेळा लिहिलं असेल, पण पावलांनी मोजलं ते तिथे. शेवटी सासूबाईंनी शेंगा सोलून खाऊन टाकल्या.

तिथून चालत अग्रसेन की बावली. भर कॅनॉट प्लेसमागच्या उंच इमारतींत जमीन एकदम फाटावी तशी ६० मीटर लांबीची विहीर, आणि खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या. धाकट्याला स्वर्ग मिळाला. थोरलीचे १०३ झाले, त्याचे ११२. दोघंही अडून बसली. गंमत म्हणजे छापील माहितीतही १०३ पासून १०८ पर्यंत निरनिराळे आकडे सापडतात, त्यामुळे थोरली शास्त्रापुरती बरोबर होती. खाली कबुतरांचा घुमणारा आवाज आणि ओलसर वास. सासूबाई वरच्या कट्ट्यावर बसून दोघांवर नजर ठेवून होत्या. गुडघे दुखतात म्हणून त्या वरच थांबतात, हे आता ठरूनच गेलं होतं.

पायऱ्यांची खरी गोष्ट पुराना किल्ल्यात. तिथे शेर मंडल नावाची लाल दगडाची अष्टकोनी दुमजली इमारत आहे. जानेवारी १५५६ मध्ये हुमायून तिच्या जिन्यावरून उतरत होता. अजानचा आवाज आला म्हणून तो गुडघे टेकायला वाकला, अंगरख्यात पाय अडकला, कोसळला आणि काही दिवसांतच गेला. बादशहा जिन्यावरून पडून मरतो, हे धाकट्याच्या मनावर इतकं ठसलं की पुढे हुमायूनच्या कबरीचा चौथरा चढताना त्याने स्वतःहून कठडा धरला. इतकी वर्षं घसा कोरडा करून मी जे सांगत होते, ते एका बादशहाने करून दाखवलं.

कबर हुमायूनच्या बेगमेने, हाजी बेगमने बांधवली. लाल दगड, संगमरवरी घुमट, चार चौकोनांत कालवे खेळवलेली बाग. चौथऱ्यावर जायच्या पायऱ्या उभ्या आणि उंच. सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही या जाऊन, मी खाली बसते." पण त्याच आवारात ईसा खानची कबर आहे, १५४७ ची, हुमायूनच्या कबरीहून जुनी. ती मात्र त्यांनी आमच्याआधी जाऊन निवांत बघितली, आणि मला परत येऊन सांगितलं की तिथल्या निळ्या फरशा आपण पाहिल्याच नसतील. खरंच आम्ही पाहिल्या नव्हत्या.

चौथ्या दिवशी चाणक्यपुरीतलं रेल्वे संग्रहालय. छोट्या गाडीची फेरी मुलांनी दोनदा केली, त्यावर वेगळं लिहायला नको. पण उघड्यावर उभं एक लांब नाकाडाचं विजेचं इंजिन पाहून सासूबाई थबकल्या. 'सर लेस्ली विल्सन', १९२८, जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वे. "हे आपल्या घाटातलं की! लग्न होऊन पुण्याला आले तेव्हा मालगाडीला हेच असायचं. खेकडा म्हणायचे याला." रेल्वेवाल्यांतलं ते टोपणनाव, इंजिन उभं असताना चमत्कारिक कण्हायचं म्हणून पडलेलं. सासूबाईंनी नातवंडांना तो आवाज काढून दाखवला. शेजारच्या कुटुंबातलं एक बाळ घाबरून रडायला लागलं.

कुतुबमिनार शेवटी ठेवला होता. ३७९ पायऱ्या, हे धाकट्याला आठवडाभर पाठ. दार बंद आहे हे मी त्याला आधी सांगितलं नव्हतं, आणि ती माझी चूक. १९८१ मध्ये आत अंधारात चेंगराचेंगरी होऊन कितीतरी शाळकरी मुलं गेली, तेव्हापासून वर कोणाला सोडत नाहीत. मुलांना फक्त "आत अंधार असतो" एवढंच म्हटलं. साडेबहात्तर मीटरच्या मनोऱ्याखाली तो हिरमुसून उभा होता, तेवढ्यात हिरवळीवर एक दगडी छत्री दिसली. ही मिनाराची टोपी. एकोणिसाव्या शतकात रॉबर्ट स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दुरुस्ती करताना वर चढवली, आणि शोभत नाही म्हणून १८४८ मध्ये ती खाली उतरवली गेली. "म्हणजे त्याला ओरडा बसला?" धाकटा खुलला. पुढचा अर्धा तास त्या छत्रीभोवतीच गेला. सोळाशे वर्षांपूर्वीचा न गंजलेला लोहस्तंभ आम्ही परत जाताना घाईत पाहिला.

परतीच्या वाटेवर मेट्रो स्टेशनात लिफ्टसमोर ही रांग. सासूबाई सरकत्या जिन्यापुढे थबकल्या. चार दिवस त्या त्याला टाळत होत्या. धाकट्याने त्यांचा हात धरला. "आजी, या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत."

"मग मोजायच्या तरी कशाला?" म्हणत त्यांनी पाय टाकला.

तो मोजायला लागला होताच. वर पोचल्यावर वाकून, पायऱ्या आत कुठे गडप होतात ते बघत उभा राहिला. मागून माणसं ढकलत होती.

"आई, खालून परत आलेली पायरी पुन्हा मोजायची का?"