रिकामं टेबल : आमच्या शेतकरी बाजाराची वाटचाल

नाशिकच्या गंगापूर रोडला दर रविवारी सकाळी 7 ते 11 आमचा बाजार भरतो. सुरुवात 2016 ची. त्याच वर्षी राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि शेतकऱ्याला आडतीशिवाय शहरात विकायची वाट मिळाली. पहिल्या रविवारी 9 टेबलं लागली.

पहिले जोडीदार गिरणारे गावचे, टोमॅटोवाले दादा. तंबू पांढऱ्या कापडाचाच हवा, हा हट्ट त्यांचा. लाल ताडपत्रीखाली कच्चा टोमॅटोही पिकलेला दिसतो, गिऱ्हाईक घरी जाऊन पिशवी उघडतं आणि पुढच्या रविवारी फिरकत नाही. 10 बाय 10 फुटांच्या तंबूच्या चारही पायांना 20 लिटरचा पाण्याने भरलेला कॅन बांधायचा, हेही त्यांनीच घालून दिलं. मे महिन्यातल्या वावटळीत विटा बांधलेला तंबू उडतो. कॅन बांधलेला जागचा हलत नाही.

काट्याबाबत आम्ही कोणाचं ऐकत नाही. 30 किलोचा, 5 ग्रॅमच्या फरकाचा इलेक्ट्रॉनिक काटा, वर्षाच्या वर्षाला वजनमापे खात्याचा शिक्का. पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणायचा, मग 1 किलोचं शिक्क्याचं वजन ठेवून बघायचं. बॅटरी उतरली की आकडा स्थिर राहत नाही. पसरट परातीला वारा लागला तरी तेच, म्हणून काटा तंबूच्या आतल्या कोपऱ्यात. या काट्यावर 100 ग्रॅमच्या खाली तोलायचं नसतं, तेवढ्या कमी वजनाला चूक मोठी पडते. त्यामुळे मिरची-आल्याचा आमच्याकडे वाटा असतो, 50 ग्रॅम तोलून देत नाही. यावरून भांडणं झाली, तरी नियम बदलला नाही.

2018 च्या उन्हाळ्यात आमच्यापासून हाकेच्या अंतरावर दुसरा बाजार उभा राहिला. ‘थेट शेतातून’ असा मोठा फलक, टेबलं काठोकाठ भरलेली. मे महिन्यात हिरवा वाटाणा, टोमॅटोचे ढीग, शेजारी सफरचंद! नाशिकच्या पट्ट्यात वाटाणा थंडीतला. मे-जूनमध्ये दिसतो तो हिमाचलचा. आपल्याकडचा टोमॅटो जून-जुलैत लावतात आणि तो श्रावण-भाद्रपदापासून सुरू होतो. उन्हाळ्यातला बराचसा नारायणगावकडून येतो. म्हणजे माल पहाटे मार्केट यार्डातून उचललेला. व्यापार करण्यात गुन्हा नाही, पण शेतकऱ्याचं नाव लावून करू नये. गिऱ्हाइकाला एका फेरीत सगळी भाजी मिळत होती आणि आमच्याकडे कांदा, गवार, भेंडी, थोडा पाला. 26 टेबलांवरून आम्ही 7 वर आलो. आमच्यातलेच काही म्हणू लागले, आपणही यार्डातून चार कॅरेट आणून टेबल भरू. आम्ही नाही म्हटलं, तर तीन घरं तिकडे गेली. ते अजून लागतं.

तेव्हापासून नियम असा : पीक संपलं की टेबल रिकामं ठेवायचं, वर पाटी लावायची. ‘टोमॅटो संपला, पुढचा भाद्रपदात.’ ‘द्राक्षं जानेवारीत.’ प्रत्येक घराच्या सातबाऱ्यावरचा पीकपेरा बघायचा, 2021 पासून ई-पीक पाहणीची, म्हणजे शेतकऱ्याने मोबाइलवर केलेली पिकाची नोंदही. कागदावर मात्र विसंबू नये. लावणीनंतर एकदा आणि तोडणीच्या वेळी एकदा बांधावर जायचंच. अर्धा एकर मेथी लावणारा महिनाभर दर रविवारी 300 जुड्या आणू लागला, तर विचारायचं : टप्प्याटप्प्याने किती वाफे टाकले होते? खरा शेतकरी वाफे मोजून सांगतो.

त्या पडत्या वर्षात पंडित कॉलनीतल्या एका काकूंनी एकही रविवार चुकवला नाही. येऊन आधी विचारायच्या, “आज काय नाही?” त्यावरून आठवड्याचा स्वयंपाक ठरवायच्या. शेजारणींनाही हेच सांगून त्यांनी घेऊन यायला सुरुवात केली. पाट्या मोठ्या अक्षरांत लिहा, ही सूचनाही त्यांचीच.

दुसरा बाजार दीड वर्षाने उठला. टाळेबंदीत आम्ही सोसायट्यांच्या फाटकापर्यंत टोपल्या पोचवल्या. आज 31 टेबलं आहेत.

बाजार सुरू करणाऱ्यांना एवढंच सांगतो, पाल्याने सुरुवात करू नका, तो सांभाळायला अवघड. मेथी-कोथिंबीर आदल्या संध्याकाळी ऊन उतरल्यावर काढावी. मुळांची माती झटकावी, पण जुडी पाण्यात बुडवू नये. मधल्या पानांत पाणी अडकलं की रात्रीत काळी पडते. कॅरेटमध्ये 25 च्या वर जुड्या कोंबल्या तर पाला आतून तापतो आणि सकाळी गाभा पिवळा निघतो. मुळं खाली ठेवून उभ्या लावा, वर ओलं पण निथळलेलं गोणपाट. टेबलावर पिकलेल्या टोमॅटोच्या किंवा केळ्याच्या शेजारी पाला आणि काकडी मांडू नका, त्यांच्या वायूने दोन्ही लवकर पिवळी पडतात. द्राक्षं एकाच थरात, खाली कागद घालून. घड सतत उचलून दाखवला की मणी गळतात, म्हणून चवीसाठी सुटे मणी वाटीत वेगळे ठेवा.

यंदा टोमॅटोच्या तीन टेबलांवर पाट्या लागल्या आहेत. गिरणाऱ्याच्या दादांची लावण आटोपली, पहिला तोडा भाद्रपदात येईल.