दुधाच्या टाक्या, बिअरच्या टाक्या : आमची वाटचाल

मागच्या मंगळवारी ट्रकवर चार टाक्या परत आल्या. आमच्याच शेडमध्ये बनलेल्या, 2013 साली इथूनच गेलेल्या, प्रत्येकी हजार लिटरच्या. ज्यांनी घेतल्या होत्या त्यांची मायक्रोब्रूवरी (लहान बिअर कारखाना) बंद झाली, आणि भंगारात द्यायच्या आधी त्यांनी मला फोन केला, "भाऊ, किलोच्या भावानं जाऊन राहिल्या, तुम्ही घेता का?" मी पटकन घेतो म्हणून बसलो. बायको म्हणे शेडमध्ये जागा कुठाय. नाहीचये.

पोरगा कधीचा मागे लागलाय की कंपनीच्या माहितीत "आमची वाटचाल" पाहिजे, दोन-चार ओळी लिहून द्या. तर ह्या टाक्यांपासूनच सुरू करतो, बाकी मशिनरीची यादी त्यानं टाकावी.

1994 मध्ये हिंगणा एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये एक वेल्डिंग सेट, एक ग्राइंडर आणि मी. आधी दुधाच्या कॅनची रिपेरिंग, मग पनीरचे व्हॅट, मग बल्क कूलर, म्हणजे दूध थंड ठेवायच्या मोठ्या टाक्या. बल्क कूलरनंच आम्हाला घडवलं. मे महिन्यात बाहेर 46 डिग्री आणि आत दूध 4 डिग्रीवर आणून धरायचं, पफचं (फोमचं) इन्सुलेशन कुठं अर्धा इंच जरी पोकळ राहिलं तरी टाकीला बाहेरून घाम फुटतो आणि डेअरीवाला सकाळी सहाला फोन करते. नागपूरच्या उन्हात जे टिकलं ते कुठंही चालते असं मी गिऱ्हाइकांना सांगतो, त्यात जाहिरात थोडी आहे पण खोटं नाही.

2012 च्या शेवटी एक माणूस आला, म्हणे बिअरच्या टाक्या करता का. मी पीत नाही, आई माळकरी. तिनं विचारलं ह्या उंच टाक्या कशाच्या, तर मी म्हटलं जवाच्या पाण्याच्या. (खोटं नव्हतं तेही.)

बाहेरून दोन्ही टाक्या सारख्याच दिसतात, तेच 304 नंबरचं स्टेनलेस स्टील, तेच थंड ठेवायचं दुहेरी जॅकेट, पण दुधाची टाकी जवळपास सपाट बुडाची आणि बिनदाबाची असते, बिअरची उभी आणि खाली शंकूसारखी, कारण काम झालं की यीस्ट, म्हणजे आंबवणारं खमीर, खाली बसते आणि ते तळातून काढून घ्यावं लागते, वरून गॅसचा दाब असतो म्हणून पूर्ण टाकी पाण्यानं भरून प्रेशर टेस्ट करावी लागते. जॅकेटमध्ये थंड ग्लायकॉल, म्हणजे सहज न गोठणारं द्रव, फिरते. हे सगळं आम्ही ड्रॉइंग बघून केलं आणि पहिल्याच टाकीत मी तोंडावर पडलो.

झालं काय, एका आडव्या जॉइंटला आतून आर्गॉन गॅस नीट भरला नव्हता. वेल्डिंग करताना मागच्या बाजूला हवा राहिली तर स्टील आतून करपते, काळं फुलते, साखर सांडून चिकटल्यासारखं दिसते. पॉलिशवाल्यानं वरवर हात फिरवून दिला, मीपण टॉर्च मारून पास केलं. दूध असतं तर कदाचित वाईट बॅच म्हणून सुटलो असतो, दूध काही तासात निघून जाते ना. बिअर त्याच टाकीत दोन-तीन आठवडे बसते. तिसऱ्या बॅचला फोन आला, आंबट झाली. हजार लिटर नालीत. मी रात्रीची बस धरून गेलो, मॅनहोलमधून आत उतरलो आणि अंगठ्याचं नख जॉइंटवरून फिरवत गेलो. एका जागी नख अटकलं. बस, तेवढीच जागा, बोटभर. तिथं बसून जंतू दर वेळी पुढच्या बॅचमध्ये जात होते. आत बसून पाच तास मीच घासलं, कान दोन दिवस वाजत होते. बॅचचे पैसे आम्ही बिलातून कमी केले. तेव्हापासून आमच्याकडे पोट्टं नवीन लागलं की आधी नख फिरवणं शिकते, मशीन मग.

2015 मध्ये पोरीकडे कॅलिफोर्नियात गेलो होतो तेव्हा जावई म्हणे बाबा, गोल्डन गेट बघू. मी म्हटलं बघू, पण आधी अँकर ब्रूवरी. सॅन फ्रान्सिस्कोची ही ब्रूवरी 1896 ची. तिची स्टीम बिअर म्हणजे बर्फ मिळत नव्हता त्या काळातला जुगाड आहे, थंडीत काम करणारं लागर यीस्ट घ्यायचं आणि ते गरमच चालवायचं, जवाचा रस उथळ परातीसारख्या उघड्या टाक्यांत पसरवायचा म्हणजे समुद्राच्या हवेनं निवतो. मी त्या उथळ टाक्यांकडे बघतच राहिलो. आम्ही इथं ग्लायकॉल चिलरच्या बिलानं घाईला येतो आणि हे लोक हवेवर भागवून राहिले! अर्थात नागपूरच्या हवेवर भागवलं असतं तर बिअरचा काढा झाला असता.

1965 मध्ये ही ब्रूवरी बंदच पडत होती. फ्रिट्झ मेटॅग नावाच्या पोरानं, वॉशिंग मशीनवाल्या मेटॅग घराण्यातला, थोड्या हजार डॉलरमध्ये 51 टक्के घेतली. आधी सगळी सफाई आणि आंबट बिअर बंद करणं हेच त्याचं काम होतं म्हणतात, हे ऐकून मला एकदम आपला माणूस वाटला. 1971 पासून बाटलीत भरू लागले. त्याच्याकडे बघून इतरांना वाटलं की लहान ब्रूवरी चालू शकते. 1976 मध्ये जॅक मॅकऑलिफनं न्यू अल्बियन काढली, दूध डेअरीचं जुनं सामान जुळवून. 1980 मध्ये सिएरा नेवाडा सुरू झाली, तीपण डेअरीच्या टाक्यांवर. म्हणजे अमेरिकेत हा सगळा धंदा दुधाच्या टाकीतूनच निघाला आणि मला हिंगण्यात वाटत होतं की मी काहीतरी उलटं करून राहिलो. न्यू अल्बियन 1982 मध्ये बंद पडली. सिएरा नेवाडा आजही आहे.

इथं परत आलो आणि आमचे वाईट दिवस सुरू झाले. डिसेंबर 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाचा हायवेपासून 500 मीटरच्या आत दारू विकायची नाही असा आदेश आला, 1 एप्रिल 2017 पासून लागू, आमचे दोन गिऱ्हाईक त्यात अटकले आणि तयार टाक्या शेडमध्ये उभ्या. मग जीएसटी. मी टाकीवर 18 टक्के लावतो, डेअरीवाला तूप विकून ते वळते करून घेते, ब्रूवरीवाल्याची बिअर जीएसटीच्या बाहेर, त्याला एक रुपया वळत नाही. मग लॉकडाऊन. ताजी बिअर, पाश्चराइज नाही, टाकीत किती दिवस ठेवणार. ज्यांच्या टाक्या आता परत आल्या त्यांनी तेव्हा चारही नालीत सोडल्या, व्हिडिओ पाठवला होता मला, आवाज बंद करून पाहिला.

अँकर 2010 मध्ये मेटॅगनं विकली, 2017 मध्ये जपानच्या सापोरोनं घेतली. 2021 मध्ये लेबल बदललं, जुनं हातानं काढल्यासारखं चित्र गेलं, जुने गिऱ्हाईक चिडले. जून 2023 मध्ये दर वर्षीची क्रिसमसची बिअर बंद, कॅलिफोर्नियाबाहेर विक्री बंद, आणि 12 जुलैला ब्रूवरीच बंद म्हणून सांगितलं. 127 वर्षं. तिथल्या कामगारांनी मिळून विकत घ्यायचा प्रयत्न केला. शेवटी 2024 मध्ये हम्दी उलुकायानं घेतली. तो कोण, तर चोबानी दह्याचा मालक! मी पोराला ओरडूनच सांगितलं, अबे बघ, दुधावाल्यानं घेतली.

लोक म्हणतात करोनानं मारलं, स्पर्धेनं मारलं. असेल. मला वाटते मेटॅगनं मुद्दाम लहान ठेवलेली गोष्ट नंतर मोठी करायची घाई झाली. हे मी मोठ्या तोंडानं बोलू नये, 2018 मध्ये मीपण बुटीबोरीत दुसरी शेड घेतली होती, हप्ते अजून तीन बाकी आहेत आणि शेड केव्हाच विकली.

आता त्या चार टाक्या. दोन वर्धेकडच्या एका डेअरीवाल्याला पाहिजेत, ताकासाठी, शंकू तसाच चालते म्हणे. दारूबंदीच्या जिल्ह्यात बिअरच्या टाक्या चालल्या, आईला सांगायला पाहिजे होतं. तिसरीचा भाव सुरू आहे. काल पोरगा चौथ्या टाकीत उतरला, टॉर्च घेऊन, नख फिरवत. आतून ओरडला, "बाबा, इथं एका जागी घासल्याचे वळ आहेत, पण गुळगुळीत आहे. गॅस्केटला मात्र वास येते."

गॅस्केट बदलतो म्हटलं. ती टाकी विकायची नाही, उन्हाळ्यात एमआयडीसीचं पाणी जाते तेव्हा कामी येईल.