फाक्यांचं भाषांतर

आमचं गाव चिपळूणपासून तासाभरावर. शिमग्यात होळी पेटली की तिथे पुरुषमंडळी फाका मारतात. ज्यांनी कोकणातला शिमगा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. फाका म्हणजे एकाने ओरडून म्हणायचं आणि बाकीच्यांनी तोंडावर हात मारत साथ द्यायची, अशा आरोळ्या. त्यांत शरीराच्या त्या त्या अवयवांची नावं असतात, कोणाचं कोणाशी काय चालतं याचे उल्लेख असतात, आणि गावातला कितीही मोठा माणूस त्यांतून सुटत नाही. दुसऱ्या दिवशी तीच माणसं पालखी खांद्यावर घेतात. यात विसंगत काही आहे असं गावात कोणालाही वाटत नाही.

2012 साली मी पुण्यातल्या एका कारखान्यात जपानी दुभाषी होते. तिथल्या दोन जपानी इंजिनिअरांना पालखी नाचवताना बघायची होती, म्हणून मी त्यांना गावी नेलं. होळीपाशी उभे असताना त्यातल्या एकाने विचारलं, "हे काय म्हणतायत?" मी म्हणाले, "देवाला साद घालतायत." त्याने वहीत लिहून घेतलं आणि ज्वाळांकडे बघून अगदी श्रद्धेने हात जोडले.

समोरच्याचं बोलणं आहे तसं पलीकडे पोचवायचं, हे माझ्या कामाचं पहिलं तत्त्व. त्या रात्री मी ते मोडलं. का मोडलं, ते मला काही वर्षांनी जपानात कळलं.

तोक्योत माझी बदली झाली त्या ऑफिसात हिशेब बघणाऱ्या एक बाई होत्या, साठीच्या जवळ आलेल्या. मी त्यांना सेनपाई म्हणायचे, म्हणजे आपल्या आधीपासून त्या वाटेवर असलेली व्यक्ती. 2015 च्या डिसेंबरात त्या मला म्हणाल्या, "कदम-सान, रविवारी मोकळ्या आहात का? शुंगा बघायला जाऊ." डबा खाताना, चारचौघांत, 'हळदीकुंकवाला येता का' इतक्या सहज.

शुंगा म्हणजे शब्दशः वसंतचित्रं. सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, तोक्योचं नाव एदो होतं त्या काळात, लाकडी ठशांनी छापलेली किंवा हाताने रंगवलेली संभोगाची चित्रं. ती कोणी आडबाजूला बसून काढलेली नाहीत. उतामारो, हारुनोबू, होकुसाई असे त्या काळातले जवळजवळ सगळे नावाजलेले चित्रकार ती काढत होते.

प्रदर्शन मेजिरोदाई भागातल्या एइसेई बुन्को या छोट्या संग्रहालयात होतं. एका जुन्या सरदार घराण्याचा हा संग्रह. कांदा नदीकडून तिथे जायला मुनात्सुकीझाका नावाची चढण आहे. नावाचा अर्थच छातीवर येणारी. पायथ्याशी बाशो या हायकूकाराच्या नावाची झोपडी जपलेली आहे. आम्ही चढत होतो तेव्हा पायऱ्यांवर पिवळी जर्द गिंकोची पानं पडली होती. वर पोचलो तर रांग. आणि रांगेत निम्म्याहून जास्त बायका. लोकरी टोप्या घातलेल्या आज्या, आईला घेऊन आलेल्या मुली, हातात थर्मास.

याआधी 2013 साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने शुंगाचं मोठं प्रदर्शन भरवलं होतं. ते जपानात आणायचं म्हटल्यावर इथल्या एकामागून एका संग्रहालयाने हात वर केले. शेवटी हे छोटं संग्रहालय पुढे आलं. अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश नव्हता. तीन महिन्यांत दोन लाखांवर लोक येऊन गेले.

आत गेल्यावर मी पहिली दहा मिनिटं चित्रांकडे बघतच नव्हते. मी बघणाऱ्यांकडे बघत होते. बायका हसत होत्या. तोंड लपवून खिदळणं नव्हे, गोष्टीतली गंमत कळल्यावर येतं ते हसू. शुंगाचं दुसरं नाव वाराई-ए, म्हणजे हसण्याची चित्रं, असं सेनपाईंनी मला तिथेच सांगितलं. हारुनोबूची 1770 च्या सुमाराची एक मालिका आहे. तिच्यात मानेएमोन नावाचा माणूस औषध पिऊन दाण्याएवढा होतो आणि गावोगाव फिरून लोकांची प्रणयकला शिकतो. दर चित्रात हा चिमुकला कुठेतरी कोपऱ्यात असतो. सगळे आधी त्याला शोधतात, मग जोडप्याकडे वळतात.

मला सगळ्यात परकी वाटली ती एक साधी गोष्ट. या चित्रांत माणसं सहसा पूर्ण उघडी नसतात. किमोनोचे पदर, अस्तर, नक्षी यांच्या घड्यांवर घड्या असतात आणि मध्ये फक्त जरूर तेवढंच उघडं. गुप्तांगं मात्र चेहऱ्याएवढी मोठी. सेनपाई म्हणाल्या, उघडं अंग तर लोक हमामात रोज बघत होते, बाया-पुरुष एकत्र. त्यात बघण्यासारखं काय होतं? कपड्यावरून मात्र कळायचं की ही विवाहिता आहे, हा दुकानातला पोऱ्या आहे, ही यात्रेला निघालेली आहे. कपडा म्हणजे गोष्ट. तेव्हा मला जाणवलं की मी आपल्याकडची मोजपट्टी घेऊन उभी आहे. आपल्याकडे कपडा उतरला की अश्लीलता सुरू होते. इथे तो प्रश्नच वेगळ्या ठिकाणी मांडलेला होता.

प्रदर्शन बघून आम्ही सोबा नूडल्सच्या दुकानात शिरलो. सेनपाईंनी पिशवीतून घरचं एक पुस्तक काढलं आणि होकुसाईचं ऑक्टोपसचं चित्र उघडलं. 1814 सालचं. समुद्रात बुडी मारून शिंपले काढणारी एक बाई खडकांत पहुडली आहे. एक मोठा ऑक्टोपस तिच्या मांड्यांशी आहे, एक छोटा तोंडाशी, आणि आठही हात तिच्या अंगभर. जगभर हे चित्र जपानी विचित्रपणाचा पुरावा म्हणून दाखवलं जातं. मलाही ते आधीपासून माहीत होतं, आणि मला त्याची किळस होती.

सेनपाईंनी बोट ठेवलं ते चित्रावर नाही, भोवतीच्या अक्षरांवर. उरलेली सगळी जागा मजकुराने भरलेली आहे. जुनी मोडती अक्षरं, आपल्या मोडीसारखी, आजच्या जपानी माणसालाही न लागणारी. त्यांच्या पुस्तकात ती सरळ लिपीत दिली होती आणि त्या हळू आवाजात वाचत गेल्या. मोठा ऑक्टोपस म्हणतो, किती दिवस टपलो होतो, आज सापडलीस, आता तुला समुद्रतळाच्या राजवाड्यात नेतो. धाकटा म्हणतो, वडीलधाऱ्यांचं झालं की माझी पाळी. आणि बाई बोलते. भरपूर बोलते, त्याला सूचना करते, चिडते, सुखावते, मध्येच नुसते आवाज काढते. ओलसर आवाजांचे शब्द ओळीने छापलेले आहेत. तिची या प्रकाराला पूर्ण संमती आहे आणि ती स्वतःच्या सुखाबद्दल स्वतः बोलते आहे.

पुढचं ऐका. एदमों द गाँकूर या फ्रेंच लेखकाने 1896 मध्ये होकुसाईवर पुस्तक लिहिलं. या चित्राचं त्याने कौतुक केलं, पण त्यातली बाई त्याला प्रेतासारखी दिसली, बुडून मेलेली की जिवंत हेही कळेना. त्याला जपानी वाचता येत नव्हतं. पानभर बोलणारी बाई वाचता न येणाऱ्याला प्रेतासारखी दिसली. दुभाष्याच्या पेशात मी इतकी वर्षं काढली, पण भाषांतर न झाल्याने माणसाचं काय होतं याचं याहून भयंकर उदाहरण माझ्यासमोर आलेलं नाही.

त्या चित्राला आणखी एक पदर आहे. समुद्रातल्या नागराजाकडून रत्न परत आणणाऱ्या पाणबुड्या बाईची जुनी कथा जपानात घरोघरी ठाऊक होती. ती छाती चिरून त्यात रत्न लपवते, मागे समुद्रातले जीव लागलेले असतात, आणि मुलाच्या भल्यासाठी ती मरते. एदोतल्या वाचकाला ऑक्टोपस बघताच ती कथा आठवत असणार आणि इथे ती उलटी फिरवलेली आहे हेही कळत असणार. आपल्याकडे गौळणीत राधा-कृष्णाच्या नावावर काय काय म्हटलं जातं ते जसं आपल्याला सांगावं लागत नाही, तसंच.

मग जपानी माणूस स्वतःच ही चित्रं विसरला कसा? 1722 मध्ये शोगुनाच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्याच्या, सरकारने अशा पुस्तकांवर बंदी घातली होती, पण छपाई चोरून चालूच राहिली आणि पाठीवर गठ्ठा घेऊन फिरणारे भाड्याच्या पुस्तकांचे फेरीवाले ती घरोघर पोचवत. मुलीच्या लग्नात ती द्यायचे, आग लागू नये म्हणून कोठारातल्या पेटीत ठेवायचे. घाव बसला तो नंतर. 1854 मध्ये कमोडोर पेरीची अमेरिकन जहाजं शिमोदा बंदरात आली. तिथल्या हमामात स्त्री-पुरुष एकत्र नाहताना त्यांनी पाहिले आणि हे लोक कामांध आहेत असं आपल्या अहवालात छापलं. पुढच्या सरकारने ही नजर इतकी मनाला लावून घेतली की 1872 मध्ये तोक्योत उघड्या अंगाने रस्त्यावर फिरणं, गोंदवणं, मिश्र स्नान यांना दंड लागू झाला. 1907 च्या दंडसंहितेत अश्लीलतेविरुद्धचं कलम 175 आलं. ते आजही आहे. जपानी चित्रफितींत ठरावीक जागी चौकड्यांचा धूसर पट्टा दिसतो तो त्याचाच.

आपल्याकडचं वर्ष 1868. त्या वर्षी लंडनच्या कोर्टाने हिकलिन खटल्यात अश्लीलतेची कसोटी ठरवली आणि तीच आपल्या कोर्टांनी उचलली. सर्वोच्च न्यायालयाने ती बाजूला ठेवली 2014 मध्ये. मधल्या काळात र. धों. कर्व्यांना 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवल्याबद्दल दंड भरावे लागले. 1934 च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे होते, तरीही. कर्वे वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत होते, एवढाच गुन्हा. त्या माणसाबद्दल मला फार वाटतं.

मी जपानचे पोवाडे गाते आहे असं कोणी समजू नये. शुंगातल्या कितीतरी बाया योशिवारा या एदोतल्या वेश्यावस्तीच्या कोठ्यांतल्या आहेत, आणि तिथे पोरी लहानपणीच कर्जापायी विकल्या जात. काही चित्रांत सरळ बलात्कार आहे आणि तो बघून मला हसू आलं नाही. आजच्या कायद्याचंही तसंच. धूसर पट्टा टाकला की खाली कितीही क्रूर गोष्ट चालते. लहान मुलांचे अश्लील फोटो नुसते जवळ बाळगणं हा गुन्हा ठरायला 2014 उजाडलं, आणि कॉमिक्स त्यातूनही वगळलेली. एका मुलीची आई म्हणून मला याचा संताप येतो. त्याच 2014 मध्ये मेगुमी इगाराशी या कलावतीला अटक झाली, कारण तिने स्वतःच्या योनीचा त्रिमितीय नकाशा लोकांना पाठवला होता. 2016 मध्ये तिला चार लाख येन दंड झाला.

आणि तोक्योला लागूनच असलेल्या कावासाकीत, कानायामा देवळात, एप्रिलच्या पहिल्या रविवारी पुरुषाच्या लिंगाच्या पालख्या निघतात. एक काळी लोखंडी, एक लाकडी, एक भलीमोठी गुलाबी. पोरंटोरं त्याच आकाराच्या गोळ्या चोखत असतात. पूर्वी तिथे वेश्या रोगांपासून बचावासाठी नवस बोलायच्या. सेनपाई मला तिथेही घेऊन गेल्या. पालखी खांद्यावर वरखाली नाचवताना बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तसाच ठेका. तीच खांद्यांची हालचाल. माझ्या गावची पालखी माझ्यासमोर नाचत होती.

तिथे उभ्या उभ्या मी त्यांना फाक्यांची गोष्ट सांगितली, आणि मी खोटं भाषांतर केलं तेही. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्हाला त्यांची लाज वाटली, की आमची?" मी प्रामाणिकपणे सांगितलं, तुमची. तुम्ही आम्हाला काय समजाल याची. पेरीपुढे त्यांच्या पणजोबांना जे वाटलं असेल, तेच.

त्या रात्री घरी येऊन मी गाथा सप्तशती काढली. पैठणच्या सातवाहनांची, आपल्याच महाराष्ट्री प्राकृतातली. त्यातली दुसरीच गाथा म्हणते की हे प्राकृत काव्य ज्यांना वाचता-ऐकता येत नाही, त्यांना प्रेमाच्या गोष्टी करताना लाज कशी वाटत नाही! लाज वाटावी ती न वाचणाऱ्याला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या माणसांनी हे पोथीच्या तोंडाशीच लिहून ठेवलंय.

2018 च्या शिमग्याला सेनपाई माझ्या गावी आल्या. होळी पेटली, पहिली फाक झाली, आणि मी त्यांच्या कानाशी वाकून शब्दाला शब्द लावून सांगायला लागले. अवयव, नाती, बैल, सरपंच, सगळं. पडवीत बसलेली माझी आत्या हाका मारत होती, "काय सांगतंस गो तिला?" मी म्हटलं, "ते बोलतायत तेच." आत्या क्षणभर थांबली. मग उठून आली, सेनपाईंच्या शेजारी टेकली आणि म्हणाली, "पुरुषांचं काय ऐकवतेस, हळदीच्या रात्री विहिणीला म्हणतो ती गाणी ऐकव." आणि स्वतःच सुरू झाली.

सेनपाई वहीत लिहीत होत्या. दुसऱ्या कडव्याला पेन अडलं, तेव्हा त्यांनी आत्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, ही ओळ पुन्हा म्हणायला सांगा.