शांतता समिती फक्त गणपतीपुरती नको

गणपती आठवड्यावर आले की पोलीस आणि रहिवाशांच्या शांतता समितीची बैठक लागते. चहा, सत्कार, सलोख्यावर चार भाषणं, ग्रुप फोटो. मग रजिस्टर कपाटात ते पुढच्या सणापर्यंत. मिरजेत सप्टेंबर 2009 मध्ये स्वागत कमानीवरच्या चित्रावरून दंगल पेटली. सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत सप्टेंबर 2023 मध्ये निमित्त मोबाइलवरच्या पोस्टचं होतं. जमाव मशिदीवर गेला, एका तरुणाचा जीव गेला. कमान उभी राहताना तरी दिसते. पोस्ट पसरायला तासभर पुरतो, आणि त्या तासात पीआय (पोलीस निरीक्षक) साहेबांनी ज्याला फोन लावायचा तो माणूस आधीपासून ओळखीचा लागतो.

भिवंडीत 1988 नंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी हेच ओळखून मोहल्ला समित्या बांधल्या. पुढारी कमी, दोन्ही समाजांचे साधे रहिवासी जास्त. 1992-93 मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली.

आपल्याकडेही समिती बीटनिहाय हवी, म्हणजे ठाण्याच्या हद्दीतल्या प्रत्येक गस्तीच्या भागाला वेगळी. मंडळाचा अध्यक्ष आणि मशिदीचे ट्रस्टी असतातच. रिक्षा स्टँडवरची पोरं, बचत गटाच्या ताई, व्हॉट्सअॅप ग्रुपचे अॅडमिन मात्र राहून जातात. बैठक दर महिन्याला, वस्तीतच. विषय धर्माचा नकोच: बंद पडलेले दिवे, गाड्यांच्या चोऱ्या, कोपऱ्यावरचे दारुडे. मुस्लिम वस्तीत पोलीस फक्त बंदोबस्ताला दिसत असेल, तर अडचणीच्या रात्री त्याच्यावर भरवसा कुणी का ठेवावा?

वादग्रस्त स्टेटस दिसलं तर ते पुढे पाठवू नका, 'निषेध' लिहूनसुद्धा नाही. नंबर आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, पोस्ट असेल तर लिंकही. पोलीस ठाण्यात तिघाचौघांनीच जा. दोनशे जण गेले की समोरून दोनशे येतात. गुन्हा दाखल झाला की एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. नोंदवायला नकार मिळाला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) नुसार एसपींना (पोलीस अधीक्षकांना) लेखी तक्रार पाठवा, तिथंही दाद नाही मिळाली तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करा.

'पोलिसांनी प्रकरण दाबलं' ही ओरड बऱ्याचदा पुढच्या टप्प्यावर होते. धार्मिक तेढ आणि भावना दुखावण्याच्या कलमांत (भारतीय न्याय संहिता, 196 आणि 299) कोर्टाने दखल घेण्याआधी सरकारची मंजुरी लागते, आणि फाइल तिथं रेंगाळते. हे बैठकीत स्पष्ट सांगावं, फाइल कुठवर आली तेही दर महिन्याला सांगावं. न सांगितलेल्या जागी अफवा शिरते.

आणि बीट अंमलदाराची बदली झाली की जुन्याने नव्याला सोबत घेऊन वस्तीत फिरवलंच पाहिजे. नुसती फोन नंबरांची यादी देऊन भागत नाही.