रेफरन्स म्हणून नाव कोणाचं द्यावं?

सासऱ्यांच्या आजारपणात मी नोकरी सोडली, तेव्हा सातपूर एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे औषध तपासणाऱ्या लॅबमध्ये, सीनिअर केमिस्ट होते. यंदा मुलगा आठवीत गेला, घरचं जरा मार्गी लागलं, म्हणून पुन्हा अर्ज करायला बसले. बायोडेटा पटकन झाला. वेळ गेला तो अर्जाच्या शेवटच्या पानावर. दोन रेफरन्स द्या: नाव, हुद्दा, ऑफिसचा ईमेल, मोबाइल, किती वर्षांपासून ओळखतात. नातेवाईक चालणार नाहीत. दोघांपैकी एक तरी तुमचे थेट वरिष्ठ असावेत.

घरात हे कळल्यावर सगळे मदतीला धावले. मामेसासऱ्यांच्या ओळखीत एक माजी नगरसेवक आहेत. मोठे दीर म्हणाले, अंबडला कारखाना असलेले एक गृहस्थ आपल्या चांगल्या बसण्या-उठण्यातले, त्यांचं नाव टाक, वजन पडेल. सगळ्यांची माया खरी. पण त्या गृहस्थांनी मला लग्नकार्यात पाहिलंय, लॅबमध्ये कधीच नाही. उद्या कोणी त्यांना फोन करून विचारलं, की बाईंच्या नोंदी कशा असतात, चुकीचा निकाल आला तर त्या काय करतात, तर ते बिचारे काय सांगणार? फार तर, चांगल्या घरातली आहे. मी दिरांना म्हटलं, "भाऊजी, ते नाही म्हणणार नाहीत हे मला माहीत आहे. पण त्यांना सांगण्यासारखं काही नाही, म्हणून मी त्यांना अडचणीत घालत नाही." त्यांना ते पटलं.

नोकरीच्या तारखांना माणसाची साक्ष लागतच नाही. रिलीव्हिंग लेटर असतं, फॉर्म १६ असतो, पीएफचा यूएएन हा खाते क्रमांक असला की कोणत्या कंपनीत कधी लागलात आणि कधी सोडलं ते निघतं. तरीही माणसाला फोन करतात, कारण रात्रपाळीत लॅबमध्ये एकटी असताना ही बाई कशी वागते, ते कुठल्याच कागदावर नसतं. आमच्या कामात तोच खरा प्रश्न आहे. गोळी शेवटी कोणाच्या तरी पोटात जाते. मशीनवर जो आकडा आला तोच वहीत उतरला पाहिजे, गाडी गेटवर उभी असली तरी.

अशी एक रात्र माझ्या वाट्याला आली होती. महिनाअखेर होती आणि रक्तदाबाच्या गोळीचं डिझोल्युशन लावलं होतं, म्हणजे मीडिया म्हणतात त्या द्रवात गोळीतलं औषध किती विरघळतं ती चाचणी. सहा भांडी, सहा गोळ्या. किती टक्के औषध विरघळायला हवं तो आकडा ठरलेला असतो, त्याला क्यू म्हणतात. पहिल्या टप्प्यात प्रत्येक गोळीतून क्यूपेक्षा किमान पाच टक्के जास्त औषध विरघळावं लागतं. दोन भांडी खाली आली. नियमात पुढची वाट दिलेली आहे: आणखी सहा गोळ्या, तेवढ्यावर भागलं नाही तर आणखी बारा, आणि मग चोवीसही गोळ्यांची सरासरी बघायची. तीही क्यूच्या खालीच राहिली. प्रॉडक्शनमधून फोनवर फोन. मीडियातली हवा नीट निघाली नसेल मॅडम, हा रन सोडून द्या, नव्याने लावा. मी निकाल आला तसा नोंदवला, ओओएसचा, म्हणजे निकाल मर्यादेबाहेर गेल्याचा, फॉर्म काढला आणि पहाटे आमच्या सेक्शन हेड सरांना उठवलं. सर आले, प्रिंटआउट पाहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "रन पुसला जाणार नाही. तपास होईल." बॅच थांबली.

म्हणून पहिलं नाव सरांचं. ते आता निवृत्त होऊन संगमनेरला असतात. त्यांच्या नावाला कंपनीचा हुद्दा राहिलेला नाही, पण माझं काम त्यांच्याइतकं जवळून कोणी पाहिलेलं नाही. दुसरं नाव क्यूएमधल्या, म्हणजे आमच्या नोंदी तपासणाऱ्या विभागातल्या, एका मॅडमचं. आमची मैत्री अशी कधी नव्हती. माझ्या लॉगबुकवर त्यांच्याइतक्या शंका कोणी काढल्या नसतील. कॅलिब्रेशनच्या नोंदीत वेळ लिहायची राहिली, तर त्या वही परत पाठवायच्या. ज्यांनी इतकं तपासलं, त्यांच्या शब्दाला अर्थ आहे असं मला वाटलं. मैत्रिणी गोड बोलल्या असत्या, पण पलीकडच्या माणसाला गोड बोलणं लगेच ओळखू येतं.

विचारल्याशिवाय मात्र कोणाचंही नाव लिहायचं नाही. आपण दुसऱ्याचा फोन नंबर अनोळखी लोकांच्या हातात देत असतो. २०२३ मध्ये आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, पण तो नसता तरी ही साधी रीत आहे. सरांना व्हॉट्सअॅप करणं मला बरं वाटलं नाही. इतक्या वर्षांनी बोलायचं आणि तेही काम घेऊन, तर निदान आवाज तरी जावा. संध्याकाळी फोन केला, आधी काकूंची चौकशी केली, मग सरळ सांगितलं: "सर, मी पुन्हा नोकरी बघतेय. रेफरन्स म्हणून तुमचं नाव द्यावं असं मनात आहे. तुम्हाला सोयीचं नसेल तर मोकळेपणाने सांगा, मी दुसरं बघीन." सर म्हणाले, "ते डिझोल्युशनचं सांगू ना त्यांना?" मला आठवण करून द्यावीच लागली नाही. तो फोन ठेवल्यावर मी किती तरी वेळ आनंदात होते.

"सोयीचं नसेल तर सांगा" हे वाक्य मी मुद्दाम घालते. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणणं लोकांना जड जातं. मग ते हो म्हणतात, आणि प्रत्यक्ष फोन आला की "हो, होत्या आमच्याकडे" एवढंच पुटपुटतात. त्यापेक्षा आधीचा नकार कितीतरी बरा. माझ्या एका जुन्या ग्रुप लीडरने असा नकार दिला. ते आता अंकलेश्वरला आहेत. म्हणाले, "ताई, आपण एकत्र फार थोडे महिने होतो. मला ठामपणे सांगण्यासारखं आठवत नाही, आणि अर्धवट सांगितलं तर तुमचंच नुकसान होईल." मी मनापासून त्यांचे आभार मानले.

होकार मिळाल्यावर दोघांनाही व्हॉट्सअॅपवर लेखी पाठवलं: कोणत्या जागेचा अर्ज, काम काय, मी कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत त्यांच्या हाताखाली किंवा सोबत होते, तेव्हा एचपीएलसी (औषधातले घटक मोजायचं मशीन) आणि डिझोल्युशन माझ्याकडे होतं, स्टॅबिलिटीचे, म्हणजे औषध किती टिकतं ते बघायचे, सॅम्पल नव्हते. मधली वर्षं घरी का होते तेही खरं खरं लिहिलं. काय बोला हे सांगितलं नाही, फक्त तारखा आणि कामं हाताशी असू द्या एवढंच. इतक्या वर्षांनंतर कोणाला साल आठवतं?

आणि बायकांसाठी एक गोष्ट, जी कोणी सांगत नाही. सर मला माहेरच्या नावाने ओळखतात. त्या कंपनीत मी लग्नाआधी लागले आणि तिथल्या कागदांवर शेवटपर्यंत तेच नाव होतं. आता आधार, पॅन, अर्ज सगळं सासरच्या नावाने. पडताळणीवाल्या मुलाने सरांना सासरचं आडनाव सांगितलं असतं तर ते प्रामाणिकपणे म्हणाले असते, अशी कोणी आमच्याकडे नव्हती. म्हणून अर्जात दोन्ही नावं लिहिली, राजपत्रातल्या नावबदलाची प्रत जोडली आणि सरांनाही नवं नाव कळवलं. ज्यांचं लग्न नोकरीच्या मध्यात झालं, त्यांनी एवढं आवर्जून करा.

ऑफिसच्या ईमेलचा प्रश्न होताच. निवृत्त माणूस तो कुठून आणणार? मी अर्ज पाठवण्याआधी एचआरला विचारलं. तिथली मुलगी म्हणाली, निवृत्त आहेत असं लिहा आणि खासगी ईमेल द्या, चालेल. विचारलं की बहुतेक वेळा मार्ग निघतो. फोनचंही आधीच सांगून ठेवलं. ही पडताळणी बऱ्याचदा बाहेरच्या एजन्सीकडे असते, आणि ०८० ने सुरू होणारा बेंगळुरूचा नंबर दिसला की लोक कर्जवाले समजून कापतात. सरांना दुपारी झोपायची सवय आहे, म्हणून फोनसाठी सकाळी दहा ते बाराची वेळ अर्जातच लिहिली.

क्यूएच्या मॅडमना एजन्सीने विचारलं, यांना पुन्हा कामावर घ्याल का? त्या म्हणाल्या, घेईन, आणि वही पुन्हा तशीच तपासेन. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. ऑफर आली त्या दिवशी दोघांनाही फोन केला. तो करायलाच हवा. आपल्यासाठी शब्द टाकलेल्या माणसाला निकाल तिसऱ्याकडून कळू नये, आणि नोकरी मिळाली नाही तरी तेवढंच कळवावं.

गेल्या आठवड्यात माझ्या जुन्या ज्युनिअरचा फोन आला, ताई तुमचं नाव देऊ का म्हणून. मी हो म्हटलं आणि जागेची जाहिरात मागून घेतली. त्यात जीसी या दुसऱ्या तपासणी मशीनचं काम मुख्य होतं. मी तिला म्हटलं, "अगं, तुझी एचपीएलसी मी पाहिलीय, त्याबद्दल हवं तितकं बोलेन. जीसीवर तू माझ्यानंतर गेलीस. तिथे तुझ्या शेजारी कोण उभं होतं, त्यांना दुसरा रेफरन्स म्हणून विचार." तिने त्याच रात्री त्यांना फोन केला.