टोपली ठेवायची तर बोलायचं

नाताळची वाट आम्ही पोरं बघायचो. घरातल्या जाणत्यांचा खरा सण मात्र कापणीचा. रब्बीची ज्वारी खळ्यावरून घरात आली की फेब्रुवारीअखेरच्या एखाद्या रविवारी आमच्या चर्चचे पाळकसाहेब तो जाहीर करायचे, आणि मग आठवडाभर वस्तीवर दुसरा विषय नसायचा.

आमचं गाव नेवासे तालुक्यातलं. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८३१ साली नगरला आली, पुढे वडाळ्याला त्यांचं ठाणं झालं आणि तिथून शुभवर्तमान आमच्या शिवारात पोचलं. पण ज्ञानेश्वरी ज्या भूमीत सांगितली गेली त्याच भूमीतली आम्ही माणसं, त्यामुळे उपासना टाळ-मृदंगाशिवाय पुरी व्हायची नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं माझ्या आजीला तोंडपाठ होती. तिला अक्षरओळख नव्हती. ती जात्यावर शिकली होती.

सणाच्या सकाळी बाया डोक्यावर टोपल्या घेऊन गात यायच्या. वेदीला कणसांचं तोरण, दोन्ही बाजूंना ज्वारीच्या पेंढ्या उभ्या केलेल्या. त्यांच्या पायाशी गहू, हरभऱ्याचे डहाळे, मेथीच्या जुड्या, लाल भोपळे, अंडी, काकवीची बरणी, पाय बांधलेल्या कोंबड्या. एका वर्षी ऐन उपदेशात कोंबडा आरवला. पाळकसाहेब थांबले आणि हातातला कागद मिटून येशूच्या शिष्याची, पेत्राची गोष्ट सांगू लागले. कोंबडा आरवायच्या आत प्रभूला तीनदा नाकारणाऱ्या त्या माणसाला प्रभूने पुढे कसं जवळ केलं, हे मला त्या दिवशी कळलं ते आजवर पुसलं गेलेलं नाही.

आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चमधल्या समाजाचा, एक दंडक होता. टोपली नुसती ठेवायची नाही, ठेवताना बोलायचं. हा दंडक कुणी गावात काढलेला नव्हता. बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात पहिल्या फळांची टोपली घेऊन येणाऱ्या इस्राएली माणसाला तेच सांगितलंय: टोपली याजकाच्या हाती दे आणि आपली हकिकत सांग, वाडवडील कसे भटके होते, मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, कसे गांजले, देवाने तिथून कसं आणलं. म्हणजे धान्य आणि धान्यामागची गोष्ट, दोन्ही मिळून अर्पण. आमच्याकडे म्हणून प्रत्येक घरातला एक जण उभा राहायचा आणि त्या वर्षी शेतात, घरात, गोठ्यात देवाने काय दाखवलं ते सांगायचा. पाठ केलेलं बोललेलं चालायचं नाही. वडीलधारे खालूनच म्हणायचे, ‘तुझं सांग, तुझं.’

या साक्षींनीच मला विश्वास शिकवला असं मी मनापासून म्हणतो. उपदेश चांगलेच असत. पण उपणणी करताना वावडीवर, म्हणजे उंच तिवईवर, उभं राहणारा माणूस जेव्हा म्हणायचा की वारा नसेल तर दाणा आणि भूस वेगळं होत नाही, म्हणून संकटाच्या वाऱ्याला मी आता भीत नाही, तेव्हा बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने सांगितलेलं खळं आणि सूप आमच्याच अंगणात असायचं.

सगळ्यात खोल रुतलेली साक्ष एका शेजारच्या मामांची. त्यांचा आणि त्यांच्या थोरल्या भावाचा बांधावरून वाद होता. एकाच मंडळीत दोघं यायचे, दोन बाजूंना बसायचे. एकमेकांच्या ताटाला ताट लावून जेवलेले भाऊ, पण लग्नकार्यातही बोलणं नाही. त्या वर्षी मामांच्या खरिपाच्या ज्वारीत टारफुला माजला होता. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: वीतभर उंचीचं, दिसायला नाजूक तण, पांढरी फुलं. पण जमिनीवर दिसायच्या आधीच त्याची मुळं ज्वारीच्या मुळांना चिकटून रस ओढत असतात. फूल दिसेपर्यंत ज्वारी पिवळी पडलेली असते. त्याचं बी धुळीइतकं बारीक, आणि ते वर्षानुवर्षं जमिनीत पडून राहतं.

मामा पोतं घेऊन दारापर्यंत आले, उंबऱ्याशीच टेकवलं आणि तिथूनच बोलले. म्हणाले, ‘रब्बीचं पीक देवानं बरं दिलं, ते आणलंय. पण टारफुला उपटता उपटता रोज एकच मनात यायचं. माझ्या पोटात दादाविषयी हेच चिकटलंय. वरून दिसत नाही, मी सगळ्यांशी हसून बोलतो, पण माझा जीव तेच ओढून घेतंय.’ थोरले भाऊ त्या दिवशी आलेले नव्हते. मामांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं, ‘साहेब, दान इथंच राहू द्या,’ म्हणाले आणि पायात वहाणा घालून निघून गेले. वेदीपाशी आल्यावर भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असं आठवलं तर दान तिथेच ठेवून आधी समेट करायला जा, हे प्रभूचं वचन आम्ही शब्बाथ शाळेत पाठ केलं होतं. ते कुणी पाळतं हे पहिल्यांदा दिसलं.

उपासना पुढे चालली, कुणी त्या पोत्याला हात लावला नाही. अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव सुरू झाला तेव्हा दोघं भाऊ आले आणि दोघांनी मिळून पोतं उचलून आत नेलं. बांधाचा प्रश्न लगेच सुटला नाही, त्याला पुढे मोजणी करावी लागली. पण मोजणीच्या दिवशी सगळ्यांचं जेवण थोरल्यांच्या घरी झालं.

लिलाव हाही त्या दिवसाचा मोठा आनंद. एक अंडं चार-चार वेळा विकलं जायचं. घेणारा पैसे द्यायचा आणि अंडं पुन्हा वेदीवर ठेवायचा. मुंबईहून सुट्टी काढून आलेला गिरणी कामगार मोठी बोली लावायचा, पण टाळ्या जास्त पडायच्या त्या विधवा काकूंच्या चार आण्यांना. गरीब विधवेची दमडी प्रभूने सगळ्यात मोठं दान मानली, ते शिकवायला आम्हाला चित्राची पाटी लागली नाही.

आणि मग १९७३ चा सण. बहात्तरचा दुष्काळ आमच्या घराघरात बसला होता. खरीप गेला, पाठोपाठ रब्बीही गेली. सगळी माणसं खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या कामावर. पोटात मिलो या परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी आणि कामावर मिळणारा सुकडी नावाचा कोरडा खाऊ. मी तेव्हा चौथीत होतो. यंदा कापणीच नाही तर सण कसला, असं बरेच जण म्हणत होते. पाळकसाहेबांनी बायबलातल्या हबक्कूक संदेष्ट्याचा तिसरा अध्याय वाचला: अंजीर फुललं नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. आणि म्हणाले, जे हातात असेल ते घेऊन या.

लोक आले. कुणी पुडीत मूठभर सुकडी आणली, कुणी मिलो. एका पोराने शाळेतली लेखणी ठेवली. माझ्या आजीने तांब्याभर पाणी ठेवलं. ते पाणी तिने पहाटे कोरड्या नदीत झिरा उकरून वाटीवाटीने भरलं होतं. तिची साक्ष दोनच वाक्यांची होती. ‘झिऱ्यात पाणी एकदम येत नाही, वाटी भरली की थांबावं लागतं, मग पुन्हा येतं. आज उद्याचं मागू नये एवढं मला त्यानं शिकवलं.’ उपाशी इस्राएलला रानात आकाशातून येणारं अन्न, मान्ना, रोजच्यापुरताच मिळायचा, हे मी पुढे कितीदा वाचलं, पण माझ्यासाठी त्याचा अर्थ आजीच्या त्या वाटीत आहे.

लिलावात तांब्या पुढे आला. शाळेच्या मास्तरांनी एक रुपया म्हटलं, त्यावर कुणी बोली वाढवली नाही. त्यांनी ते पाणी पडवीतल्या माठात ओतलं आणि आम्हा पोरांना रांगेत उभं करून घोटघोट पाजलं.

आता मुळा धरणाचं पाणी आहे, ऊस आहे, ज्वारी थोडी उरली. मळणी यंत्रावर होते, वावडी पोरांनी पाहिलेलीच नाही. त्याचं मला दुःख नाही. सुख आलं ते देवाच्याच दयेनं. निम्मी तरुण मंडळी पुण्याला, पिंपरीला. ती सणाला येतात आणि पाकीट ठेवतात. पण पाकीट ठेवताना बोलत नाहीत. ‘आमच्याकडे शेत कुठंय, काय सांगणार?’ असं म्हणतात. मागे रुग्णालयात नर्स असलेली एक भाची बोलली. रात्रपाळीत एका बेवारस म्हातारीचे पाय पुसताना प्रभूने शिष्यांचे पाय का धुतले ते कसं उमगलं, ते तिने सांगितलं. तेव्हा मागच्या बाकांवरचे मोबाइल खाली गेले. तिचं शेत तो वॉर्ड. कुणाचा ट्रक असेल, कुणाचं दुकान, कुणाची कंपनीतली पाळी.

यंदाच्या नियोजनाच्या बैठकीत मी एवढंच मागणार आहे: पाहुण्या वक्त्यांना वीस मिनिटं द्या, स्वागत-सत्कार आटोपते घ्या आणि उरलेली सगळी वेळ साक्षींना ठेवा. सुरुवात पुण्याहून येणाऱ्यांपासून करू. पाकीट हातात घेऊन उभे राहा, आम्ही खालून म्हणू, ‘तुझं सांग, तुझं.’